शांगिरचं वय

शब्दाचं वय तीन हजार वर्षं आहे असं ठरलं, तेव्हा झियादाचं स्वतःचं वय सव्वीस होतं आणि प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

वय ठरवलं जुमादिल आगायनी, म्हणजे जुमादिल सरांनी. बिश्केकच्या ज्या संस्थेत झियादा काम करायची, तिथले ते सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक, तिचे मार्गदर्शक, आणि गेली तीस वर्षं तुर्की भाषाकुळाच्या शब्दकोशाचे संपादक. त्या कोशातली प्रत्येक नोंद चांदणीने सुरू व्हायची. चांदणीचा अर्थ असा, की हा शब्द कुणी ऐकलेला नाही, कुठे लिहिलेला सापडलेला नाही, पण त्याची आजची लेकरं पाहता असा एक पूर्वज असायलाच हवा. आगाय म्हणत, "नातवंडांची नाकं बघून पणजोबाचं नाक काढायचं. बाकी शास्त्र म्हणजे काय असतं?"

या शास्त्रात आगायच्या घशात एक हाडूक अडकलेलं होतं, ते म्हणजे लोखंड. अल्ताईपासून इस्तंबूलपर्यंत लोखंडाला थोड्याफार फरकाने एकच शब्द आहे, तेमिर. पण कुणा परदेशी विद्वानाने शंका काढली होती की हा शब्द मूळचा चिनी असू शकेल. आगायनी ती शंका घरच्या माणसावर कुणी बोट ठेवावं तशी मनाला लावून घेतली. पूर्वज आपले लोहार, आणि लोखंडाचा शब्द शेजाऱ्याचा? तेमिरच्या आधी आपला स्वतःचा शब्द असणारच, आणि कुठल्या तरी आडदरीत तो अजून जिवंत असणार.

तो झियादाला सापडला. चार वर्षांपूर्वी, शिकत असताना, ती चारशे प्रश्नांची वही घेऊन नारीन नदीच्या वरच्या अंगाला तेरेक-साय गावात गेली होती. शाळेच्या मास्तरांनी तिला "शुद्ध बोलणाऱ्या" तीन म्हाताऱ्यांकडे नेलं. तिने घोड्याचा नाल दाखवला आणि प्रश्न वाचला: तुमच्याकडे हा ज्याचा बनतो त्याला काय म्हणतात? तिघींनी, तीन वेगळ्या घरांत, तीन वेगळ्या दिवशी, एकच उत्तर दिलं. शांगिर.

झियादा काटेकोर मुलगी होती. तिघींची आडनावं वेगळी आहेत, म्हणजे साक्षीदार स्वतंत्र आहेत, हे तिने वहीत खास लिहून ठेवलं. पण एक गोष्ट तिला तेव्हाही खटकली होती. या भाषाकुळात जुने अस्सल शब्द 'श'ने सुरू होत नाहीत. तिने ते आगायना सांगितलं.

"मग पूर्वी 'च' असणार," आगाय म्हणाले.

"पण आगाय, आपल्याकडे 'च'चा 'श' होत नाही. कझाकांकडे होतो."

"नियमात बसत नाही, म्हणजेच शब्द नियमाहून जुना आहे," आगाय म्हणाले, आणि कोशात चांदणी लावून *चांगिर विराजमान झाला. मग त्याला वंशजही मिळत गेले. सायबेरियातली एक नदी, कुठल्याशा बोलीतला घंटेचा एक शब्द, हंगेरीतलं एक पडीक खेडं. नातेवाईक शोधायला निघालं की माणसाला नातेवाईक सापडतातच. झियादाचा प्रबंध याच शब्दावर होता: उगम आणि वंशज. तो मंजूर झाला की तिला संस्थेत कायमची जागा मिळणार होती. नाही झाला तर कंत्राट संपत होतं आणि तलासला आईकडे परत जाऊन शाळेत व्याकरण शिकवणं हाच मार्ग उरत होता.

अल्माटीहून येणाऱ्या परीक्षकांनी एकच मागणी केली होती. शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून, नीट ध्वनिमुद्रित करून ऐकवा. चार वर्षांपूर्वीच्या मुद्रणात वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. म्हणून झियादा पुन्हा तेरेक-सायला आली.

तिघींतली थोरली कालिपा आपा. वय अठ्ठ्याहत्तर, दात सहा, आणि जीभ सगळ्या दातांचं काम एकटी करणारी. तिने बाकी दोघींनाही, साइराकान आणि बातमा यांना, चहाला बोलावून घेतलं होतं. गाद्यांवर बसून तिघी पावाच्या तुकड्यांवर साय थापत होत्या.

"चार वर्षं झाली," कालिपा आपा म्हणाली. "एक शब्द घेऊन गेलीस आणि परत एकटीच आलीस. बिश्केकमध्ये नवरे संपले का?"

"अभ्यास चाललाय, आपा."

"चार वर्षं एकाच शब्दाचा?" साइराकानने विचारलं. "मग लग्न करशील तेव्हा नवऱ्याशी बोलायला तुला किती वर्षं लागतील गं?"

"कमी बोललेलं बरंच," बातमा म्हणाली. "माझं बघ. मी काही बोलले नाही, अकरा पोरं झाली."

झियादाने यंत्र चालू केलं आणि एकेक वस्तू दाखवायला लागली. चुलीचं दार, पहार, विळा, घोड्याची कडी. शांगिर, शांगिर, शांगिर. आवाज स्वच्छ येत होता. बातमाने आपणहून सांगितलं की तिचा नातू मॉस्कोत शांगिर जोडायचं काम करतो, आणि त्याच्यासोबतचे ताजिक आणि उझबेक आता तेच म्हणतात. झियादाने वहीत लिहिलं: शब्दाचा प्रसार, मॉस्को. आगाय खूश होणार होते.

यंत्रावर नऊ मिनिटं झाली होती, तेव्हा गल्लीत एक खटारा गाडी शिरली. गाडीवर कर्णा होता आणि कर्ण्यातून एक कंटाळलेला आवाज येत होता: "तेमिर घेतो, तेमिर. जुनं तेमिर, मोडकं तेमिर, गंजलेलं तेमिर."

तिन्ही म्हाताऱ्यांच्या चहाच्या वाट्या एकदम खाली ठेवल्या गेल्या. बातमाने रुमाल कानांवर ओढून घेतला. साइराकान भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते, बहुधा हसण्याने.

"आला मेला," कालिपा आपा म्हणाली. तिने खिडकीतून अंगणात हाक मारली, "बारक्या, ए बारक्या. जा आणि त्या गाडीवाल्याला सांग, या गल्लीत सुना राहतात. सासऱ्याचं नाव घेऊन काय बोंबलतोस म्हणावं. त्यातून मोडकं आणि गंजलेलं."

बारक्या सहासष्ट वर्षांचा होता. तिचा सगळ्यांत धाकटा दीर, कादिरकुल. तो काठी टेकत गेला, गाडी गल्लीतून बाहेर गेल्याचा आवाज आला, आणि वाट्या पुन्हा वर उचलल्या गेल्या.

झियादाच्या हातातली पेन्सिल मात्र तिथेच राहिली. सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही, आणि त्या नावातला शब्दही उच्चारत नाही, दुसरा काढते, हे तिला माहीत होतं. तिसऱ्या वर्षी परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न होता. तिला पाचपैकी पाच मिळाले होते. फक्त तिने ते पुस्तकातल्यासारखं भूतकाळात लिहिलं होतं.

"आपा," तिने हळूच विचारलं, "तो काय ओरडत होता?"

"मी कसं सांगणार?"

"तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?"

"या पोरीला खरंच शिकवलंय का कुणी?" कालिपा आपाने साइराकानला विचारलं.

कादिरकुल दारात आला होता. सबंध घरात ते नाव घेण्याचा अधिकार असलेला तेवढाच एक माणूस होता आणि त्याला तो अधिकार सहसा वापरायला मिळत नसे. तो यंत्राजवळ वाकला आणि सभेत बोलावं तसं बोलला. "आमचे वडील तेमिरबेक. सामूहिक शेताचे लोहार. ही माझी थोरली वहिनी एक्कावन्न साली या घरात आली. मी सहा वर्षांचा होतो."

"शेंबडा होतास," कालिपा आपा म्हणाली. "नाक मीच पुसायचे."

मग तिने आपणहून सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूने भट्टीपाशी उभं केलं आणि म्हणाली, तुकडा आण. कोपऱ्यात ढीग पडलेला. नव्या सुनेला विचारायचं होतं, लोखंडाचा आणू की पितळेचा. पितळेला नाव होतं. लोखंडाला तिच्यापुरतं आता नाव उरलेलं नव्हतं. लोहाराच्या घरात दिवसभर दुसरं बोलायचं तरी काय? ती म्हणाली, "ते आपटलं की शांगिर-शांगिर वाजतं ना, ते?" सासू इतकी हसली की नाल भट्टीत जळून गेला. त्या दिवसापासून घरात शांगिर. मग साइराकान सून होऊन आली, तिला थोरल्या जावेने शिकवलं. मग बातमा आली, तिला दोघींनी. पोरं आयांकडून शिकली.

"तुम्ही तिघी जावा आहात?" झियादाने विचारलं.

"मग काय बहिणी दिसतो? हिचं नाक बघ आणि माझं बघ."

"पण आडनावं वेगळी आहेत."

"आपापल्या बापाची आहेत. बाप काही लग्नात देऊन टाकत नाही कुणी."

झियादाने वहीत पाहिलं. तीन स्वतंत्र साक्षीदार, असं तिच्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून. एक सासरा, एक भट्टी, एक साक्षीदार. बाकीच्या दोन प्रती होत्या.

"चार वर्षांपूर्वी सांगितलं का नाही, आपा?"

"तू विचारलंस का? तू विचारलंस, तुमच्याकडे याला काय म्हणतात. आमच्याकडे शांगिर म्हणतात. मी खोटं बोलले?"

खोटं कुणीच बोललं नव्हतं. झियादाने शेवटचा प्रयत्न केला. खरा शब्द माहीत आहे एवढं तरी यंत्रात बोलाल का, एकदाच, शास्त्रासाठी? सासरे जाऊनही आता चाळीस वर्षं झाली.

"ते गेले म्हणून मी निर्लज्ज होऊ?" कालिपा आपा म्हणाली आणि झियादाच्या वाटीत चहा ओतला.

बिश्केकला परतल्यावर आगायनी पूर्ण मुद्रण डोळे मिटून ऐकलं. कर्ण्याचा आवाज आला तिथे त्यांच्या भुवया हलल्या. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"तिला वाटतं तिने बनवला," ते म्हणाले. "माणसाला आपण काय बोलतो ते कुठे कळतं? शांगिरच का सुचलं? टांगिर का नाही, खडखड का नाही? आतून आलं, पोरी. तीन हजार वर्षं खाली होतं, एका सुनेच्या अडचणीत वर आलं."

"आगाय, लोखंड आपटलं की तसंच वाजतं."

"आणि लांडग्याचं काय? तुर्कस्तानात लांडग्याला काय म्हणतात? आपण किड्याला म्हणतो तो शब्द. का? खरं नाव घ्यायची भीती. त्यांच्या अख्ख्या राष्ट्राचा शब्द असाच झाला. तो चालतो आणि आपला चालत नाही?"

हे खरं होतं, आणि झियादाला म्हणूनच त्याचा जास्त त्रास झाला. आगायचं अर्धं म्हणणं नेहमीच खरं असायचं. दुसऱ्या अर्ध्याचं वजन ते त्यावर तोलून धरायचे.

"तो चालतो," ती म्हणाली. "पण त्याचं वय तो बनला तिथून पुढे मोजतात. मागे नाही."

आगायनी चष्मा लावला. त्यांचा आवाज एकदम मायेचा झाला. "कोशाचा भाग छापखान्यात गेलाय. तुझा गोषवारा छापून सगळ्यांना पोचलाय. जागा तुझ्यासाठी मी दोन वर्षं अडवून धरलीय. मुद्रणाची पहिली नऊ मिनिटं सुंदर आहेत. परीक्षकांना तेवढंच हवंय. खोटं एक अक्षर नाही त्यात."

झियादाने घरी जाऊन नऊ मिनिटांची वेगळी प्रत केली. ऐकून पाहिली. खरंच सुंदर होती. त्याच संध्याकाळी आईचा तलासहून फोन आला, की परीक्षेनंतरच्या जेवणासाठी मेंढा ठरवलाय, शेपटीची चरबी अशी की दोघांनी उचलावी, आणि मामा, मावशी, शेजारचे सगळे येणार आहेत. झियादा बरं म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी लांबट सभागृहात मंडळाचे तेरा सदस्य बसले होते. मागच्या रांगांत तलासची मंडळी, स्वच्छ टोप्या घालून. झियादाने वीस मिनिटं बोलून प्रबंध मांडला, अगदी छापल्याप्रमाणे. मग मुद्रण लावलं. शांगिर, शांगिर. अल्माटीचे परीक्षक मान डोलावत होते. आठ मिनिटं झाली. तिचं बोट बटणावर होतं. नऊ झाली. तिने बोट काढून घेतलं आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

कर्णा सभागृहात शिरला. तेमिर घेतो, मोडकं तेमिर, गंजलेलं तेमिर. त्यामागून कालिपा आपाचा आवाज आला, आणि पहिल्या रांगेतल्या सादात एजे, इतिहासाच्या प्राध्यापक, मोठ्याने हसल्या. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. "माझे मोठे दीर कोयचुमान," त्या शेजाऱ्याला म्हणाल्या. "कोय म्हणजे मेंढी. मी डॉक्टरेट घेऊन तीस वर्षं झाली, अजून खाटकाकडे 'बें करणारी दे' म्हणून मागते." तलासच्या बायका तर उघडच हसत होत्या. त्यांना प्रबंधातलं पहिल्यांदाच काहीतरी कळलं होतं.

मुद्रण संपल्यावर झियादाने तीन वाक्यं सांगितली. शब्द जुना नाही. तो एक्कावन्न साली तेरेक-साय गावी एका सुनेने बनवला. तिन्ही साक्षीदार एकाच घरच्या जावा आहेत.

आगाय छताकडे पाहत होते. अध्यक्षांनी घसा साफ केला. "फार जिवंत पुरावा," ते म्हणाले. "मंडळाच्या वतीने अभिनंदन. आता मतदान घेऊ."

"कशावर?" झियादाने विचारलं.

चिटणीसबाईंनी नियमावली उघडली. त्यांच्या आवाजात मुलीला शाळेचा रस्ता सांगावा तसा गोडवा होता. "मतदान छापील गोषवाऱ्यावर होतं, बाळ. तोंडी जे बोललीस ते चर्चेत धरतात. चर्चेचा मतांशी संबंध नसतो."

पेटी फिरली. चिठ्ठ्या पडल्या. सदस्य एकमेकांना हसून सांगत होते की कर्णेवाला त्यांच्याही गल्लीत येतो. कुणाच्याच चेहऱ्यावर विरोध नव्हता. झियादाच्या लक्षात आलं की ती उत्तीर्ण होते आहे. इतके दिवस तिला भीती होती की खरं बोललं तर सगळं जाईल. इथे खरं बोलून काहीच गेलं नव्हतं. तेरा विद्वानांसमोर तिने जे खोटं पाडलं होतं, तेच सिद्ध केल्याबद्दल तिला पदवी मिळणार होती, आणि कोशात तिच्या नावाने नोंद राहणार होती.

"पेटी उघडायच्या आधी उमेदवाराला प्रबंध मागे घेता येतो," ती म्हणाली. "नियम सतरा."

चिटणीसबाईंनी पानं उलटली. नियम सतरा तोच होता.

"पण पोरी, ते देतायत तुला," अल्माटीचे परीक्षक म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"देतायत ते दुसऱ्या कामाचं आहे. ते काम मी केलेलं नाही."

पेटी न उघडता कपाटात गेली. मागच्या रांगेत आईने मामाला विचारलं, "पास झाली का?" मामा म्हणाला, "झाली होती. मग नको म्हणाली." आईला एवढं कळलं की जागा गेली. पिशवीतून रुमाल काढून तिने उगाचच घडी मोडली आणि पुन्हा घातली.

मेंढा मात्र सकाळपासून शिजत होता. शिजलेल्या मेंढ्याला नियम सतरा लागू होत नाही. खानावळीत चाळीस माणसं बसली आणि तुकडे मानाप्रमाणे वाटले गेले. डोकं अर्थातच आगायपुढे आलं. दोन वर्षं अडवून धरलेली जागा आज ज्यांच्या डोळ्यांसमोर सुटली होती, ते आता सुरी घेऊन काय करतात हे सगळे बघत होते.

आगायनी आधी गालाचा तुकडा शेजारच्या अल्माटीच्या पाहुण्यांना दिला. मग उजवा कान कापला आणि टेबलावरून हात लांब करून झियादाच्या ताटात ठेवला. कान लहानांना देतात, थोरांचं ऐकावं म्हणून. चाळीस माणसांत ती त्या मानाने लहानच होती.

तिने कान खाल्ला. आगाय ती चावते कशी ते बघत बसले.

"शाळेत जाणार आहेस तलासला?" त्यांनी विचारलं.

"हो. सोमवारपासून."

"संध्याकाळी काय करशील?"

"लिहीन. एका शब्दाबद्दल. कुणी बनवला, कुणाला शिकवला, मॉस्कोपर्यंत कसा गेला. सगळ्यांची नावं आहेत माझ्याकडे."

आगायनी कवटीवर सुरीची मूठ हलकेच आपटली. मग भेजा काढायला घेतला.

"वाचून दाखव मला," ते म्हणाले. "पण एक्कावन्न साल फारच अलीकडचं वाटतं गं. लोक मान देत नाहीत. निदान एकोणिसावं शतक म्हण."

"नाही, आगाय. एक्कावन्नच."

"निदान विसाव्या शतकाची सुरुवात?"

"एप्रिल महिना, आगाय. गुरुवार होता."

आगायनी सुस्कारा सोडला आणि नूडल्सची परात तिच्याकडे सरकवली. "जेव," ते म्हणाले. "चरबी गोठायला लागलीय."